शिशाची मोहोर: मध्ययुगातल्या पोपचा हुकूम नेमका कुठवर चालायचा?

मे २०२५ मध्ये नवा पोप निवडायला १३३ कार्डिनल व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपलमध्ये शिरले, दार बंद झालं आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, धुरांड्यातून पांढरा धूर निघाला. त्या आठवड्यात टीव्हीवर 'कॉन्क्लेव्ह' हा शब्द सारखा कानावर पडत होता. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'किल्लीची खोली', म्हणजे कुलूपबंद जागा. हे कुलूप काही हौसेनं लावलेलं नाही. १२६८ मध्ये पोप क्लेमेंट चौथा इटलीतल्या विटर्बो गावी वारला आणि तिथे जमलेल्या कार्डिनलांनी पुढचा पोप निवडायला पावणेतीन वर्षं घेतली. निवडून आलेल्या ग्रेगरी दहाव्यानं १२७४ मध्ये नियमच करून टाकला: कार्डिनलांना एकत्र कोंडायचं, तीन दिवसांत निकाल लागला नाही तर जेवणात एकच पदार्थ द्यायचा, आणि त्यानंतर आणखी पाच दिवस गेले तर नुसता पाव, पाणी आणि वाइन.

पावणेतीन वर्षं भांडावं एवढं त्या खुर्चीत होतं तरी काय? आज व्हॅटिकन हे जेमतेम ४४ हेक्टरचं राष्ट्र आहे. मध्ययुगातल्या पोपकडेही युरोपला दटावेल असं लष्कर कधी नव्हतं. तरी राजे त्याच्या दारात उभे राहिले. आणि तरीही, हे सहसा सांगितलं जात नाही, त्याचे कित्येक हुकूम लोकांनी सरळ खुंटीला टांगले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्या कशा, ते पाहू.

## आधी पायाचे शब्द

एका गावाचं किंवा वस्तीचं चर्च सांभाळतो तो पाद्री. अशा शेकडो चर्चांच्या मुलखाचा प्रमुख तो बिशप. रोमचा बिशप तो पोप. येशूचा शिष्य पीटर याला स्वर्गाच्या किल्ल्या मिळाल्या, पीटर रोममध्ये मारला गेला, म्हणून रोमचा बिशप हा पीटरचा वारस: सगळा दावा या एका साखळीवर उभा आहे. पूर्वेकडच्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, चर्चनं तो या अर्थानं कधीच मानला नाही. त्यामुळे 'मध्ययुगातला पोप' म्हणताना नकाशा पश्चिम आणि मध्य युरोपचा डोळ्यापुढे ठेवावा.

कार्डिनल म्हणजे पोपचे सल्लागार. पोप कोण हे अनेकदा रोममधली बडी घराणी किंवा जर्मन सम्राट ठरवत असत. १०५९ मध्ये निवडीचा हक्क कार्डिनलांकडे आला आणि ११७९ मध्ये दोन तृतीयांश मतांची अट आली. २०२५ मध्ये १३३ पैकी ८९ मतं लागत होती, ती याच अटीपोटी.

## भांडण बिशपच्या नेमणुकीचं

बिशप हा नुसता पूजापाठ करणारा माणूस नव्हता. त्याच्याकडे गावंच्या गावं असत, त्यांचा सारा असे, किल्ले असत, राजाला लागतील तेव्हा घोडेस्वार पुरवायची जबाबदारी असे. शिवाय त्याला लिहितावाचता येई.

राजाला बिशप आवडायचं आणखी एक कारण होतं, ते आपल्याला वतनदारीमुळे चटकन कळतं. वतनदार मेला की वतनावर त्याचा मुलगा बसतो, राजाला हलवता येत नाही. बिशपला मात्र कायदेशीर वारस असायचा नाही. तो मेला की जागा मोकळी, आणि राजा पुन्हा आपला माणूस बसवायला मोकळा. जर्मनीतले राजे नव्या बिशपच्या हातात स्वतः अंगठी आणि दंड देत. ही दोन्ही धर्मपदाची चिन्हं. ग्रेगरी सातव्याचं (१०७३ ते १०८५) म्हणणं असं, की हा हक्क राजाचा नाहीच. १०७५ मध्ये त्याच्या दफ्तरात सत्तावीस कलमांची एक यादी नोंदली गेली. पोप सम्राटाला पदावरून काढू शकतो, दुष्ट राजाच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळं करू शकतो, सगळ्या राजांनी पाय धरायचे ते फक्त पोपचे. कागदावर एवढा मोठा हक्क तोवर कुणी मांडला नव्हता.

कागदावर. पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं.

## वाळीत टाकणं हे हत्यार कसं चालायचं

जानेवारी १०७६ मध्ये जर्मन राजा हेन्री चौथा यानं आपल्या बिशपांची सभा भरवून ग्रेगरीला पद सोडायला फर्मावलं. फेब्रुवारीत ग्रेगरीनं हेन्रीला धर्मबहिष्कृत केलं. वाळीत टाकणं काय असतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको: रोटीबेटी बंद, पाणी बंद, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. इथेही तेच, वर परलोकाची भीती. पण हेन्रीला खरा फटका दुसऱ्या कलमानं बसला. पोपनं त्याच्या प्रजेला शपथेतून मोकळं केलं.

त्या काळच्या राज्यात पगारी नोकरशाही नव्हती, पोलीस नव्हते. राजा आणि सरदार यांना बांधणारी दोरी एकच, देवासमोर घेतलेली शपथ. ती पोपनं कापली. सॅक्सनीतले सरदार हेन्रीविरुद्ध आधीच उठून बसलेले होते. आता त्यांचं बंड हे बंड राहिलं नाही, धर्मकार्य झालं. ऑक्टोबर १०७६ मध्ये त्यांनी हेन्रीला मुदत दिली: वर्षाच्या आत बहिष्कार उठवून आण, नाहीतर राज्य विसर. फेब्रुवारी १०७७ मध्ये ऑग्सबर्गला सभा ठरली आणि तिच्यासाठी पोप स्वतः निघाला.

मग हेन्रीनं जे केलं ते शरणागती म्हणून सांगतात. मला ती अव्वल दर्जाची चाल वाटते. भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून त्यानं पोपला वाटेतच, टस्कनीच्या मटिल्डाच्या कॅनोसा किल्ल्यावर गाठलं आणि जानेवारीत तीन दिवस अनवाणी, प्रायश्चित्ताच्या जाड्याभरड्या कपड्यांत दाराशी उभा राहिला. आता पंचाईत ग्रेगरीची. पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा नाकारणारा धर्मगुरू कसला? त्यानं क्षमा केली आणि सरदारांच्या हातातलं कारणच गेलं. त्यांनी तरीही मार्चमध्ये दुसरा राजा निवडला. १०८० मध्ये ग्रेगरीनं हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केलं, तेव्हा मात्र पहिल्यासारखा परिणाम झाला नाही. त्याच वर्षी तो दुसरा राजा लढाईत पडला, हेन्रीनं आपला वेगळा पोप उभा केला, १०८४ मध्ये रोम घेतलं आणि त्याच्याच हातून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला. ग्रेगरीला सोडवायला आलेल्या नॉर्मन फौजेनं रोम लुटलं. लोकांचा रोष इतका, की ग्रेगरीला शहर सोडावं लागलं. १०८५ मध्ये तो सालेर्नोला परागंदा अवस्थेत वारला.

हत्यार तेच, माणसं तीच, चार वर्षांचं अंतर. पहिल्या वेळी ते चाललं कारण पात्याला धार लावायला सरदार तयार बसले होते. या लेखातलं प्रत्येक उदाहरण याच मोजपट्टीनं तपासून पाहावं: पोपचा हुकूम पाळण्यात तिथल्या कुणाचा फायदा होता?

मूळ भांडण ११२२ मध्ये वर्म्सच्या करारानं मिटलं. अंगठी आणि दंड चर्चनं द्यायचा, जमिनीच्या हक्काचा राजदंड सम्राटानं. एका माणसाच्या दोन नेमणुका.

## राजाची चूक, शिक्षा गावाला

दुसरं हत्यार 'इंटरडिक्ट'. बहिष्कार माणसावर, इंटरडिक्ट मुलखावर. चर्चची दारं बंद, घंटा बंद, पवित्र भूमीत दफन बंद. फक्त तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचा कबुलीजबाब चालू. हेतू असा, की लोक कावतील आणि राजावर दबाव आणतील.

इंग्लंडमध्ये हे सहा वर्षं चाललं. कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या धर्मपदी, पोप इनोसंट तिसऱ्यानं (११९८ ते १२१६) स्टीफन लँगटनला बसवलं. जॉन राजानं त्याला देशात पाऊल टाकू दिलं नाही. मार्च १२०८ मध्ये इंटरडिक्ट लागलं. जॉननं काय केलं? चर्चच्या मिळकती ताब्यात घेतल्या. पाद्री काम करत नाहीत तर उत्पन्न कशाला, हा त्याचा हिशेब. ब्रह्मचर्याचं व्रत असलेल्या पाद्रींच्या घरच्या 'बायका' धरून नेऊन त्यांच्याकडून सोडवणुकीचे पैसेही उकळले. १२०९ मध्ये स्वतः बहिष्कृत झाला, तरी ढिम्म. लोक कावले असतील, पण उठले नाहीत. उलट तिजोरी भरत होती.

जॉन नमला तो १२१३ मध्ये, आणि त्याची कारणं चर्चबाहेर होती. आदल्या वर्षी त्याच्याच सरदारांचा कट उघडा पडला होता आणि समुद्रापलीकडे फ्रान्सचा राजा फिलिप आरमार जमवत होता. जॉननं सगळं राज्य पोपला देऊन टाकलं आणि त्याचा मांडलिक म्हणून ते परत घेतलं. खंडणी वर्षाला १,००० मार्क: ७०० इंग्लंडचे, ३०० आयर्लंडचे. एका सहीत तो पोपचा गुन्हेगार होता तो पोपचा आश्रित झाला, आणि फिलिपच्या स्वारीला धर्माचा आधार उरला नाही.

हा सौदा लगेच कामाला आला. जून १२१५ मध्ये सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद वदवून घेतली. ऑगस्टमध्ये इनोसंटनं ती रद्द केली, कारण मांडलिकाकडून मालकाला न विचारता घेतलेला करार. सरदारांनी ते मनावर घेतलं नाही आणि फ्रान्सच्या युवराजाला बोलावलं. पुढच्या वर्षी जॉन मेला, गादीवर नऊ वर्षांचा मुलगा आला, सरदारांना परत वळवायची गरज पडली, तेव्हा तीच सनद काटछाट करून पुन्हा काढली गेली. तिच्यावर एक मोहोर होती पोपच्याच वकिलाची, ग्वाला या कार्डिनलाची!

## दरबार कमी, कोर्ट जास्त

राजांच्या गोष्टी रंगतात म्हणून पुस्तकांत त्याच येतात. पोपची रोजची सत्ता मात्र कोर्टकचेरीत होती. साधारण ११४० मध्ये बोलोन्यात ग्रेशन नावाच्या विद्वानानं चर्चचे शेकडो वर्षांचे परस्परविरोधी नियम एका ग्रंथात लावून दिले आणि १२३४ मध्ये पोपच्या निकालांचा अधिकृत संग्रह निघाला. लग्न, मृत्युपत्र, शपथेवरचे करार, चर्चची जमीन, दशमांश (शेतमालाचा दहावा हिस्सा, जो चर्चला द्यावा लागे): यातलं बरंच काही या कायद्याखाली येई. शेवटचं अपील रोमला.

समजा, यॉर्कशायरमधल्या एका मठाचं शेजारच्या चर्चशी दशमांशावरून वाजलं. मठाचा मुखत्यार सहा-सात आठवडे प्रवास करून पोपच्या दफ्तरात पोहोचतो. ठराविक साच्यात अर्ज लिहून घेतो आणि त्यात आपली बाजू सांगतो. पोप किंवा त्याचे कारकून ती खरी की खोटी तपासत बसत नाहीत. ते इंग्लंडमधल्याच दोन-तीन बिशपांना किंवा मठाधिपतींना पत्र देतात: दोन्ही बाजू ऐका आणि आमच्या नावानं निकाल द्या. न्यायाधीशांची नावं बऱ्याचदा अर्जदारच सुचवतो. पत्राचा मसुदा उघड वाचला जातो, म्हणजे विरोधी पक्षाचा मुखत्यार हजर असेल तर तिथेच हरकत घेईल. मग शुल्क, मग शिशाची मोहोर. लॅटिनमध्ये मोहोरेला 'बुला', म्हणून पोपच्या फर्मानाला इंग्रजीत 'बुल'. बैलाशी संबंध नाही. एका बाजूला पीटर आणि पॉलचे चेहरे, दुसऱ्या बाजूला पोपचं नाव. सवलत देणाऱ्या पत्राला मोहोर लाल-पिवळ्या रेशमी दोऱ्यात, हुकूम देणाऱ्या पत्राला तागाच्या सुतळीत.

ही पद्धत स्वस्त होती आणि हुशारीची होती. पोपला इंग्लंडमध्ये एकही न्यायाधीश पगारावर ठेवावा लागला नाही. रोमनं कुणाला बोलावलं नव्हतं, लोकच आपणहून जात होते, कारण शेजाऱ्यापेक्षा वरचा कागद हवा होता. सत्ता वरून लादण्यापेक्षा खालून मागणी आल्यानं वाढते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

बिघाडही याच रचनेत होता. रोमला स्थानिक वस्तुस्थिती ठाऊक नसे. अर्जदार सोयीची गोष्ट लपवी. मग प्रतिपक्षही रोमला जाऊन उलट पत्र घेऊन येई आणि दोन खऱ्या मोहोरा समोरासमोर उभ्या राहत. आणि खोटी पत्रं! इनोसंट तिसरा पोप झाला त्याच वर्षी रोममध्ये बनावट पत्रं करणारी टोळी पकडली गेली. फसवणुकीचे प्रकार त्यानं बिशपांना सविस्तर लिहून कळवले: खोट्या पत्राला खोटी मोहोर, खऱ्या मोहोरेचा दोरा उपसून खोट्या पत्रात ओवणं, खऱ्या पत्रातली अक्षरं खरवडून वर दुसरी लिहिणं. मोहोरेच्या कडेचे ठिपके मोजूनही खरंखोटं ठरवलं जाई. नोटेवरची तार आपण उजेडात धरून बघतो तसंच.

लग्नाच्या बाबतीत पोपची गरज सगळ्यांत जास्त राजघराण्यांना लागे. चर्चच्या नियमानं सातव्या पिढीपर्यंतचं नातं लग्नाला आड येई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेत ते चार पिढ्यांवर आलं, म्हणजे खापरपणजोबा समान असले तर लग्न नाही. आपल्याकडच्या सपिंड नात्यासारखाच हिशेब. युरोपातली राजघराणी एकमेकांत इतकी गुंतलेली, की जवळजवळ प्रत्येक सोयरिकीला पोपची खास परवानगी लागे, आणि बायको सोडायची झाली की हेच नातं अचानक 'सापडे'. फ्रान्सच्या फिलिपनं ११९३ मध्ये डेन्मार्कच्या इंगेबोर्गशी लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला नाकारलं. पोपनं १२०० मध्ये फ्रान्सवर इंटरडिक्ट लावलं तेव्हा तोंडदेखला समेट झाला. राणीला तिचा मान खऱ्या अर्थानं मिळायला १२१३ उजाडलं. वीस वर्षं!

## पैसा आणि जमीन

मध्य इटलीत पोपचं स्वतःचं राज्य होतं. त्यावरचा हक्क सांगायला जी सनद पुढे केली जाई, ती सम्राट कॉन्स्टंटाइननं चौथ्या शतकात दिली असं मानत. ती आठव्या शतकाच्या आसपास रचलेली बनावट निघाली. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्लानं तिच्यातली लॅटिन भाषा त्या काळची नाही हे दाखवून तिचं पितळ उघडं पाडलं. गंमत अशी, की खुद्द रोम शहरच पोपना आवरत नसे. कित्येक पोप विटर्बो, अनाग्नी, पेरुजा इथे मुक्काम करून असत.

उत्पन्नात मांडलिकांची खंडणी होती, इंग्लंडमधून घरटी एक पेनी अशी जुनी वर्गणी होती, दफ्तराचं शुल्क होतं. मोठा पैसा क्रूसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धांच्या, नावानं पाद्रींवर बसवलेल्या करातून आला: ११९९ मध्ये उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा, १२१५ मध्ये तीन वर्षांसाठी विसावा. हा कर गोळा करायला राजाची संमती लागे आणि राजा त्यात वाटा मागे. पुढे तर वाटा राजाकडेच जास्त जाऊ लागला.

## 'म्हणजे ख्रिश्चनांचे शंकराचार्यच की!'

ही तुलना वारंवार होते आणि ती दिशाभूल करते. शंकराचार्यांची पीठं अनेक आहेत. त्यांच्याकडे गावोगावच्या पुजाऱ्यांची नेमणूक नाही, कर नाही, अपिलाचं कोर्ट नाही. पोपकडे हे तिन्ही होतं. उपदेशापेक्षा या यंत्रणेनं त्याला मोठं केलं.

दुसरी गैरसमजूत: पोप चुकूच शकत नाही असं तेव्हा सगळे मानत. विशिष्ट अटींखाली पोप चुकत नाही हा सिद्धांत चर्चनं अधिकृत केला तो १८७० मध्ये. मध्ययुगीन कायदेपंडित तर उलट लिहून गेले, की पोपचा न्याय कुणी करू शकत नाही, पण तो श्रद्धेपासूनच ढळला तर गोष्ट वेगळी. पोप होनोरियसला मेल्यानंतर ६८१ मध्ये धर्मसभेनं पाखंडी ठरवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

## हुकूम वाया जायचा तो कसा

चौथ्या क्रूसेडला इनोसंटनं बजावलं होतं, की ख्रिश्चन शहरावर हात टाकायचा नाही. व्हेनिसच्या जहाजांचं भाडं थकलं होतं आणि व्हेनिसला स्वतःचे हिशेब चुकते करायचे होते. १२०२ मध्ये झारा हे ख्रिश्चन शहर पडलं, १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं. पोपनं बहिष्कार घातला, चिडून पत्रं लिहिली, आणि अखेर झालेलं पदरात घेतलं.

शंभर वर्षांनी बोनिफेस आठव्यानं फ्रान्सच्या फिलिप चौथ्याशी पंगा घेतला. पोपला न विचारता पाद्रींवर कर लावायचा नाही, असं त्यानं १२९६ मध्ये फर्मान काढलं. फिलिपनं देशाबाहेर सोनंचांदी न्यायला बंदी केली. रोमचा पैसा अडला आणि वर्षभरात पोप मागे सरला. १३०२ मध्ये बोनिफेसनं आजवरचा सर्वांत चढा दावा केला: मोक्ष हवा तर प्रत्येक मनुष्यप्राण्याला पोपच्या अधीन असावंच लागेल. सप्टेंबर १३०३ मध्ये फिलिपच्या माणसांनी त्याला अनाग्नीच्या वाड्यात धरलं. गावकऱ्यांनी तिसऱ्या दिवशी सोडवलं, पण महिन्याभरात तो वारला. ग्रेगरीच्या वेळी सरदार पोपच्या बाजूला होते. इथे फ्रान्सचे सरदार, शहरं आणि बहुतेक बिशपही राजाकडे. कापायला दोरीच सापडली नाही.

१३०९ पासून पोप आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योला राहू लागले. १३७८ नंतर एकाच वेळी दोन पोप झाले आणि १४०९ पासून तीन. कुणाचा मानायचा हे प्रत्येक राजानं आपल्या राजकारणानुसार ठरवलं. कॉन्स्टन्सच्या धर्मसभेनं दोघांना काढलं, एकाचा राजीनामा घेतला आणि १४१७ मध्ये मार्टिन पाचवा निवडला.

## या फर्मानांचं कोकणात काय झालं

१४५५ मध्ये पोप निकोलस पाचव्यानं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे प्रदेश आणि व्यापार पोर्तुगालच्या राजाला बहाल केले. पुढच्याच वर्षी कॅलिक्स्टस तिसऱ्यानं तिथला धार्मिक अधिकारही दिला, थेट 'इंडीज'पर्यंतचा. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. म्हणजे पोर्तुगीज जहाज दिसण्याच्या बेचाळीस वर्षं आधी आपला किनारा रोमच्या कागदावर वाटला गेलेला होता. स्पेन मध्ये आल्यावर अलेक्झांडर सहाव्यानं १४९३ मध्ये अटलांटिकमध्ये हद्दीची रेघ ओढली. दोन्ही राजांनी १४९४ मध्ये आपसात करार करून ती बरीच पश्चिमेला सरकवली. पोपची रेघ जेमतेम वर्षभर टिकली, कारण ती जागेवर ठेवण्यात त्या दोघांपैकी एकाला रस नव्हता.

सवलत मात्र टिकली. पोर्तुगालच्या राजानं चर्चचा खर्च करायचा आणि त्या बदल्यात बिशप सुचवायचे, याला 'पाद्रोआदो' म्हणतात. याच व्यवस्थेखाली १५३४ मध्ये गोव्याला बिशपचं पीठ झालं. अंगठी कुणी द्यायची, हा अकराव्या शतकातला वाद इथे राजाच्या बाजूनं सुटला होता, आणि तोही पोपच्याच सहीनं.

ती सही पुढे रोमलाच जड गेली. सतराव्या शतकात रोमला आशियातला कारभार स्वतः पाहायचा होता. दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो गोव्याच्या आर्चबिशपांना पाद्री म्हणून नको होते. रोमनं त्यांना दीक्षा दिली, १६३७ मध्ये बिशप केलं आणि आदिलशाही मुलखात पाठवलं. गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना अखेरपर्यंत मानलं नाही. मुंबईत तर काही चर्च गोव्याच्या पाद्रोआदोची आणि काही थेट रोमची, असा दुहेरी कारभार होता. एकाच शहरात दोन बिशपांचे हुकूम चालत. तो मिटला १९२८ मध्ये.